मोठे इंजिन की दाबाची हवा? बारामती-इंदापूर ऊसपट्ट्यातील मालमोटारीच्या शक्तीचा इतिहास

सारांश :

मालमोटारीची शक्ती वाढविण्याचे मुख्य मार्ग दोन. इंजिन आकाराने मोठे करणे हा पहिला आणि आहे त्याच इंजिनात दाबाने अधिक हवा भरणे हा दुसरा. भारतीय मालमोटारीने १९५४ पासून सुमारे चार दशके पहिला मार्ग अनुसरला व १९९० च्या दशकापासून ती दुसऱ्या मार्गाला लागली. प्रस्तुत शोधनिबंधात या स्थित्यंतराचा विचार पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या ऊस उत्पादक तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. ही निवड केवळ यंत्रशास्त्राची नव्हती. रस्ता, ओझे, कर्ज, इंधन आणि कायदा या सर्वांचा तिच्याशी संबंध होता. तसेच वाढलेली शक्ती दीर्घकाळ चालकाच्या सुलभतेसाठी नव्हे तर अधिक ओझे वाहण्यासाठी खर्ची पडली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : ऊस वाहतूक, मालमोटार, टर्बोचार्जर, नीरा डावा कालवा, वालचंदनगर, अश्वशक्ती.

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या साखर उद्योगाचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. सहकारी चळवळ, पाटबंधारे, ऊसदराची आंदोलने, ऊसतोडणी कामगारांचे स्थलांतर या विषयांवर प्रबंध झाले, ग्रंथ झाले. मात्र शेतातील ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत ज्या वाहनाने पोहोचला, त्या वाहनाच्या इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. ट्रक हा आपल्याकडे इतिहासाचा नव्हे, तर फिटरच्या गॅरेजचा विषय मानला गेला. वस्तुतः गाळप हंगामात कारखान्याचा प्राण वाहतुकीत असतो. तोडलेला ऊस वेळेत गाळला गेला नाही तर त्याचे वजन घटते आणि साखरेचा उताराही घसरतो. शिवाय साधारणपणे दहा टन ऊस आणावा तेव्हा टनभर साखर हाती येते. म्हणजे वाहून आणलेल्या ओझ्यापैकी नऊ दशांश भाग साखर नसतोच. हे ओझे ओढणारे इंजिन कसे असावे, हा प्रश्न म्हणूनच किरकोळ नाही.

गाडीच्या अंगी बळ नसेल तर या भागात 'गाडीला दम नाही' असे म्हणतात. मराठीत दम म्हणजे श्वासही आणि ताकदही. इंजिनाच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ अक्षरशः एकच ठरतात. इंजिन जेवढी हवा आत घेईल, तेवढेच इंधन ते नीट जाळू शकते आणि तेवढीच ताकद देऊ शकते. मग हवा वाढवायची कशी? छाती मोठी करून, की श्वास जोराने भरून? प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती :

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे तीन आहेत. शक्तिवाढीच्या दोन मार्गांचे स्वरूप स्पष्ट करणे. भारतीय मालमोटारीने हे मार्ग कोणत्या क्रमाने व का स्वीकारले याचा मागोवा घेणे. आणि वाढलेल्या शक्तीचा लाभ कोणाकडे गेला याचा विचार करणे. त्यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. इंजिनांची मापे व मालमोटारींचे नामांकन यांवर आधारलेली आकडेमोड प्रस्तुत लेखकाची आहे. लेखक याच कालव्याच्या पट्ट्यात वाढलेला असल्याने स्थानिक निरीक्षणाचाही उपयोग झाला आहे.

१. प्रदेशाची पार्श्वभूमी :

बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतात. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळात मदतकार्य म्हणून नीरा डाव्या कालव्याच्या कामाला चालना मिळाली आणि १८८५ च्या सुमारास कालव्याचे पाणी वाहू लागले. दुष्काळात ज्वारी-बाजरीसारखी पिके तगवावीत, हा कालव्याचा मूळ हेतू. प्रत्यक्षात पाणी उसाकडे वळले आणि गुळाचा व्यापार वाढला. या मालाला वाट मिळावी म्हणून १९१४ मध्ये दौंड-बारामती हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. १९३२ च्या कायद्याने देशी साखरेला संरक्षण मिळताच दख्खनच्या कालव्यांवर साखर कारखाने उभे राहू लागले. इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांनी त्याच दशकात कारखाना उभारला व वालचंदनगर ही वसाहत आकारास आली. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर येथे सहकारी कारखाने निघाले. भीमेवरील उजनी धरणानंतर इंदापूर तालुक्यात उसाचे क्षेत्र वाढले आणि पुढे बिजवडी व शहाजीनगर येथेही सहकारी कारखाने उभे राहिले.

येथे एका योगायोगाचा उल्लेख आवश्यक वाटतो. ज्या वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार करून मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात डॉज व फार्गो बनावटीच्या मालमोटारी बांधल्या गेल्या. ऊस आणि मालमोटार या दोन उद्योगांचे धागे असे एकाच माणसाच्या हातात होते.

प्रारंभी उसाची वाहतूक बैलगाडीने होत असे. पुढे रबरी टायरची गाडी आली. कारखान्याच्या जवळचा ऊस बैलगाडीने व नंतर ट्रॅक्टर-ट्रॉलीने, तर दूरचा ऊस आणि कार्यक्षेत्राबाहेरून येणारा गेटकेन ट्रकने, अशी ढोबळ विभागणी रूढ झाली. म्हणजे ट्रकच्या वाट्याला लांबचे अंतर आले, परंतु त्या अंतराची सुरुवात मात्र शेतातील काळ्या मातीतच होत होती. पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

२. शक्तिवाढीचे दोन मार्ग :

डिझेल इंजिनात एक भाग इंधन पूर्णपणे जाळण्यास वजनाने सुमारे साडेचौदा भाग हवा लागते. व्यवहारात त्याहून अधिकच द्यावी लागते. इंधन वाढविणे सोपे असते, कारण पंपाचा स्क्रू फिरविला की काम झाले. खरी अडचण हवेची. साध्या इंजिनात पिस्टन खाली येतो तेव्हा निर्माण होणाऱ्या पोकळीत बाहेरची हवा आपोआप शिरते. ५.६७५ लिटरचे चार टप्प्यांचे इंजिन मिनिटाला २,४०० फेरे घेत असेल, तर ते मिनिटाला जास्तीत जास्त ६,८१० लिटर हवा ओढू शकते; प्रत्यक्षात त्याहून काहीशी कमीच. ही मर्यादा ओलांडायची तर सिलिंडरचा व्यास किंवा पिस्टनची धाव वाढवावी लागते. हा पहिला मार्ग.

दुसऱ्या मार्गात हवा आत शिरण्यापूर्वीच दाबली जाते. दाबणारा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर किंवा गिअरवर चालविला तर त्यास सुपरचार्जर म्हणतात. तो तत्काळ प्रतिसाद देतो. परंतु त्याला लागणारी ताकद इंजिनाकडूनच घ्यावी लागते. टर्बोचार्जरमध्ये हेच काम सायलेन्सरकडे जाणाऱ्या तप्त धुराकडून करून घेतले जाते. इंधनातील ऊर्जेचा सुमारे तृतीयांश भाग धुराबरोबर वाया जात असतो. त्यातील थोडा अंश टर्बोचे चक्र फिरविण्याच्या कामी लागतो. मालमोटारीत सुपरचार्जर मागे पडून टर्बो रूढ झाला, त्याचे कारण ही काटकसर होय. मात्र हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणून दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर पुढे त्याच्या जोडीला आला.

दोन्ही मार्गांना किंमत मोजावी लागते. मोठे इंजिन जड असते, त्याचे घर्षण अधिक, आणि रिकाम्या फेरीतही ते आपल्या आकारापुरते इंधन मागते. टर्बोचे इंजिन हलके राहते, पण त्याच्या पिस्टनवर, बेअरिंगवर आणि हेड गॅस्केटवर अधिक ताण येतो. ऑईल स्वच्छ लागते, हवेचा फिल्टर निर्दोष लागतो. त्याखेरीज धूर पुरेसा निर्माण होईपर्यंत टर्बो जागा होत नाही. हा विलंब ऊसवाहतुकीत कसा जाणवतो, ते पुढे पाहू.

३. सिलिंडर रुंदावण्याचे पर्व :

टर्बोची कल्पना नवी नव्हती. आल्फ्रेड बुची या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच तिचे पेटंट घेतले होते. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या झाउरर कंपनीने मालमोटारीसाठी टर्बोचे इंजिन तयार केले आणि १९५४ मध्ये स्वीडनच्या व्होल्वोने टर्बो असलेला ट्रक बाजारात आणला. त्याच १९५४ साली टेल्को व डायम्लर-बेंझ यांच्यात करार होऊन जमशेदपूरच्या कारखान्यातून टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक बाहेर पडू लागला. तत्पूर्वी १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाने केवळ सुट्या भागांची जोडणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांऐवजी देशात उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना प्राधान्य द्यावे, असे धोरण सुचविले होते. त्यामुळे भारतीय मालमोटारीची बाजारपेठ मोजक्या उत्पादकांच्या हाती राहिली व त्यांनी जे इंजिन दिले तेच देशाचे इंजिन ठरले.

हे पहिले इंजिन सहा सिलिंडरचे असून त्याचा बोर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ९० मिलिमीटर आणि पिस्टनची धाव १२० मिलिमीटर होती. एकूण आकारमान ४.५८ लिटर. पुढे आलेल्या '६९२' इंजिनाच्या नावातच त्याची ओळख सामावलेली आहे. सहा सिलिंडर, बोर ९२ मिलिमीटर. आकारमान सुमारे ४.७९ लिटर. त्यानंतरचे '६९७' म्हणजे सहा सिलिंडर, बोर ९७ मिलिमीटर, धावही १२८ मिलिमीटरपर्यंत वाढलेली, आकारमान ५.६७५ लिटर. फिटर मंडळी आजही ही नावे आकड्यांनीच घेतात. अशोक लेलँडच्या इंजिनांचीही गोष्ट वेगळी नाही. ३५०, ३७०, ४०० हे त्या मालिकेतील आकडे घनइंचांतील आकारमानच दर्शवितात. थोडक्यात, या पर्वातील भारतीय ट्रकचा इतिहास म्हणजे सिलिंडर रुंदावत नेण्याचा इतिहास होय.

जगात टर्बो उपलब्ध असताना भारताने हा मार्ग का धरला? त्याची कारणे तत्कालीन परिस्थितीत शोधावी लागतात. टर्बोच्या चक्राला प्रखर उष्णता सहन करणारा मिश्रधातू लागतो. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात तो सहजासहजी मिळणारा नव्हता. डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण अधिक होते. रस्ते अरुंद असल्याने वेगाला मर्यादा होती. बाजारपेठ संरक्षित असल्याने ग्राहकापुढे पर्याय नव्हते. याहून महत्त्वाचे कारण दुरुस्तीचे होय. साधे इंजिन कोणत्याही तालुक्याच्या गावी उघडता येत असे. लायनर-पिस्टन बदलणे, क्रँक घासून घेणे, हेडचे काम करणे ही कौशल्ये इंदापूर, भिगवण, बारामती येथील गॅरेजांत रुळली होती. जे इंजिन रस्त्याच्या कडेला दुरुस्त होते तेच कर्जफेड करू शकते, हा हिशोब वाहनमालकाला पक्का ठाऊक होता.

या काळात एक तिसरा, अनधिकृत मार्गही प्रचलित होता. तो म्हणजे 'पंप वाढवून घेणे'. हवा तेवढीच ठेवून केवळ इंधन वाढविले जाई. गाडी काही काळ जोरात ओढे, पण न जळालेले इंधन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडे, इंजिन तापे आणि लवकर बांधायला येई. छाती न वाढविता घास वाढविण्याचाच हा प्रकार होता.

४. दाबाच्या हवेचे पर्व :

टर्बो असलेली इंजिने पुण्याच्या परिसराला अपरिचित नव्हती. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर कमिन्सच्या कोथरूड येथील कारखान्यातील इंजिने अवजड यंत्रे व जनित्रे यांसाठी वापरली जात. मात्र जे तंत्र धरणाच्या कामावरील डंपरला मिळाले, ते ऊस वाहणाऱ्या ट्रकला मिळण्यास बराच काळ जावा लागला.

१९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणाने ही स्थिती बदलली. १९९३ मध्ये टाटा व कमिन्स यांची संयुक्त कंपनी स्थापन झाली आणि १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिची ५.९ लिटरची टर्बो इंजिने टाटा ट्रकमध्ये बसू लागली. १०२ मिलिमीटर बोर आणि १२० मिलिमीटर धाव असलेले हे इंजिन आकाराने ६९७ पेक्षा केवळ साडेतीन ते चार टक्के मोठे होते. वाढीचा मुख्य भार आता आकारावर नव्हे, दाबावर होता. खुद्द ६९७ इंजिनालाही टर्बो जोडला गेला. १६१३, २५१५ या मॉडेलांच्या नावापुढे 'टीसी' ही अक्षरे आली आणि 'टर्बो गाडी' हा शब्द ऊसपट्ट्यात रुळला. पुढे नीरा नदीच्या पलीकडे, फलटण तालुक्यात, कमिन्सचा विस्तीर्ण औद्योगिक परिसर उभा राहिला. बारामतीच्या शिवेला लागूनच आता इंजिने तयार होऊ लागली.

टर्बोला निर्णायक बळ मिळाले ते प्रदूषणविषयक कायद्यामुळे. २००० मध्ये भारत स्टेज एकच्या समकक्ष मानके देशभर लागू झाली. २००५ मध्ये दुसरा, २०१० मध्ये तिसरा, २०१७ मध्ये चौथा टप्पा देशभर आला आणि १ एप्रिल २०२० पासून थेट सहावा. या दोन दशकांत डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा दशलक्ष भागांत २,५०० वरून १० भागांवर आली. धूर कमी करायचा तर इंधनाच्या प्रमाणात भरपूर हवा हवी, आणि ती टर्बोशिवाय मिळणे अशक्यप्राय. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर लिटरमागे मिळणाऱ्या किलोमीटरचे मोल आणखी वाढले. 'मोठे इंजिन की टर्बो' हा प्रश्न नव्या ट्रकपुरता मालकाच्या हातातून निघून कायद्याने निकाली काढला. आता इंजिने लहानही होऊ लागली आहेत. टाटांच्या १८० अश्वशक्तीच्या टर्बोट्रॉन इंजिनाचे आकारमान सुमारे पाच लिटर, म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या पहिल्या इंजिनाच्या जवळपास येते. छाती पूर्ववत झाली. श्वास मात्र वाढला.

५. रान, काटा आणि घाट :

कागदावरील अश्वशक्ती आणि शेतातील ताकद या दोन भिन्न गोष्टी आहेत. ऊस भरलेला ट्रक फडातून बाहेर काढताना चाके भिजलेल्या काळ्या मातीत रुततात. अशा वेळी इंजिनाचे फेरे कमी असतात, धूर कमी असतो, म्हणून टर्बो अजून निद्रिस्त असतो. चालकाला हवी असते ती खालच्या फेऱ्यांतील ओढ. मोठ्या साध्या इंजिनाची ओढ येथे तत्काळ मिळते. जुन्या चालकांचा सुरुवातीच्या टर्बो गाड्यांवर जो आक्षेप असे, तो अज्ञानातून आलेला नव्हता; त्यास रानातला अनुभव होता. क्लच दाबून ॲक्सिलरेटर वाढवायचा, टर्बोने हवा धरली की क्लच सोडायचा, या खटाटोपात क्लचप्लेट जळत असे. दोन ट्रॅक्टर जोडून ट्रक ओढून काढण्याचे दृश्यही या भागात नवे नाही.

घाटात नेमके उलट घडते. येथील साखर मुंबईकडे जाताना बोरघाट उतरते. परतीचा माल घेऊन येणारा ट्रक तोच घाट चढतो. पुण्याहून सासवडमार्गे बारामतीकडे खत वा लोखंड आणायचे तर दिवे घाट चढावा लागतो. येथे इंजिन सलग वरच्या फेऱ्यांत असते, टर्बो पूर्ण जागा असतो. त्यातच, जसजशी उंची वाढते तसतशी हवा विरळ होते आणि साध्या इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला सुमारे ३ टक्क्यांनी घटते. टर्बो ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. म्हणजे रानासाठी मोठे इंजिन आणि घाटासाठी टर्बो, अशी ही विभागणी होती. ज्याला हंगामात ऊस आणि हंगामानंतर अन्य माल वाहायचा, त्या एका ट्रकच्या मालकापुढील पेच यावरून ध्यानात यावा.

तिसरे ठिकाण कारखान्याचा काटा. येथे ट्रक रांगेत तासन्‌तास उभा राहतो आणि थोडा थोडा पुढे सरकतो. मोठ्या इंजिनाला ही रांग डिझेलच्या दृष्टीने महाग पडे. टर्बोला वेगळाच धोका असे. लांबून भरधाव आलेली गाडी थांबताच बंद केली, तर तप्त टर्बोच्या बेअरिंगमधील ऑईल जळून काजळी धरते. गाडी बंद करण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे चालू ठेवावी, ही शिस्त चालकांना नव्याने शिकावी लागली. उसाच्या फडातील धूळ आणि पाचट फिल्टरमध्ये बसे, ती निराळीच. ज्या कौशल्यावर जुने इंजिन चालत होते ते हाताचे होते; नव्याला सवयी बदलाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आल्यानंतर तर दुरुस्तीचे केंद्र गावच्या गॅरेजकडून कंपनीच्या वर्कशॉपकडे सरकले. आधुनिक टर्बोने खालच्या फेऱ्यांतील उणीव बरीचशी भरून काढली, हे मान्य करूनही ही सामाजिक किंमत विसरता येत नाही.

६. वाढलेली शक्ती कोणाकडे गेली?

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. टाटांच्या मालमोटारींच्या नामांकनात पहिले दोन आकडे साधारणतः एकूण वजन टनांत आणि पुढील दोन आकडे अश्वशक्ती दहाच्या पटीत दर्शवितात. हे आकडे ढोबळ आहेत. तथापि तुलनेसाठी पुरेसे आहेत. त्यावरून दर टनामागील अश्वशक्ती काढता येते. तसेच वीस मीटरला एक मीटर असा चढ, चाकांपर्यंत पोहोचणारी ८० टक्के शक्ती आणि वजनाच्या एक टक्का रस्त्याचा रोध गृहीत धरल्यास पूर्ण भरलेला ट्रक तो चढ किती वेगाने चढेल, हेही काढता येते.

| मॉडेल | वजन (टन) | अश्वशक्ती | दर टनामागे | चढावरील वेग (ताशी कि.मी.) |
|---|---|---|---|---|
| १२१० | १२ | १०० | ८.३ | ३० |
| १६१३ | १६ | १३० | ८.१ | ३० |
| २५१५ | २५ | १५० | ६.० | २२ |
| १९१८ | १९ | १८० | ९.५ | ३५ |
| २८१८ | २८ | १८० | ६.४ | २३ |

या कोष्टकावरून दिसून येते की, १२१० पासून १६१३ पर्यंत अश्वशक्ती ३० टक्क्यांनी वाढली, परंतु घाटातील वेग होता तेवढाच राहिला. वाढलेली सर्व शक्ती वाढलेल्या वजनाने गिळली. तीन आसांच्या २५१५ मध्ये तर टनामागील शक्ती लक्षणीयरीत्या घटली. सहाव्या टप्प्यानंतरच्या दोन आसांच्या ट्रकमध्ये प्रथमच हे प्रमाण सुधारलेले दिसते. अवजड ट्रकमध्ये मात्र ते सहाच्या घरातच आहे. हा हिशोब कायदेशीर ओझ्याचा आहे. १६ टनांच्या १६१३ वर एकूण २० टन चढविले की हे प्रमाण ६.५ वर येते. ओव्हरलोड हा ऊसवाहतुकीतील अपवाद नव्हता. मिळणारे भाडे टनावर असते, तर टायर, डिझेल आणि कर्जाचा हप्ता खेपेवर पडतो. मग खेप जड करणे हाच मालकाला तरण्याचा उपाय वाटतो. ९ नोव्हेंबर २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने परमजित भसीन खटल्यात जादा ओझ्याविरुद्ध कडक भूमिका घेतली. २०१८ मध्ये शासनाने दोन आसांच्या ट्रकची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टनांपर्यंत वाढविली. म्हणजे वाढीव शक्तीमागोमाग कायद्यानेही ओझ्याला वाट करून दिली.

या ठिकाणी नीरा कालव्याची आठवण होणे अपरिहार्य आहे. जमीन तेवढीच ठेवून तीत अधिक पाणी भरणे आणि इंजिन तेवढेच ठेवून त्यात अधिक हवा भरणे, या दोहोंचे तत्त्व एकच. कालव्याचे पाणी अनेक शेतांतील ज्वारी वाचविण्यासाठी होते. ते थोड्या क्षेत्रातील उसात मुरले. पाण्याचे वाटप अधिक न्याय्य व्हावे म्हणून विसाव्या शतकाच्या प्रारंभी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली. तरीही अतिसिंचनाने पाणथळ व क्षारपड जमिनींचा प्रश्न उभा राहिला व निचऱ्यासाठी चर खोदावे लागले. पाणी वाढविताना निचऱ्याचा विचार मागाहून झाला. ट्रकच्या बाबतीतही शक्ती वाढविताना ब्रेक, रस्ता, साकव आणि चालकाची विश्रांती यांचा विचार मागाहूनच होत आला. ओझ्याची मर्यादा ही मालमोटारीची ब्लॉक पद्धतच म्हणावयास हवी. आणि तीही कालव्यावरील पद्धतीप्रमाणेच सतत ताणली गेली.

येथे एक आक्षेप संभवतो. एका खेपेत अधिक माल जातो तेव्हा टनामागील डिझेल वाचते, खेपा कमी होतात आणि हा लाभ अंतिमतः शेतकरी, कारखाना व ग्राहक यांनाच मिळतो. हा युक्तिवाद खोटा नाही. टर्बोने मालवाहतूक स्वस्त केली, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु लाभाचे वाटप झाले तेव्हा दोन घटक हिशोबाबाहेर राहिले. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारा चालक पूर्वीही तेवढाच वेळ चढत होता, आताही चढतो. उतरताना मात्र त्याच्या पाठीशी अधिक वजन असते. दुसरा घटक गावरस्ता. बारा टनांसाठी बांधलेल्या साकवावरून सोळा आणि वीस टन जाऊ लागले, त्याचा भुर्दंड कोणत्याही इंजिनाच्या किमतीत धरला गेलेला नाही.

निष्कर्ष :

१. भारतीय मालमोटारीने सुमारे चार दशके इंजिन मोठे करण्याचा मार्ग स्वीकारला. तो तांत्रिक मागासलेपणाचा परिणाम एवढेच म्हणून सोडून देता येत नाही. दुरुस्तीची स्थानिक सोय, इंधनाची प्रत आणि संरक्षित बाजारपेठ यांच्याशी तो सुसंगत होता.

२. टर्बोचा स्वीकार प्रथम उदारीकरणाने शक्य केला आणि नंतर प्रदूषणविषयक मानकांनी अनिवार्य केला. वाहनमालकाची स्वतंत्र निवड या प्रक्रियेत क्रमाक्रमाने आकुंचित झाली.

३. बारामती-इंदापूर परिसरात रान व घाट यांच्या गरजा परस्परविरोधी होत्या. एकच उत्तर दोन्ही ठिकाणी लागू पडत नसल्याने जुन्या चालकांचा टर्बोविषयीचा संशय अनुभवाधिष्ठित होता.

४. दोन्ही मार्गांनी मिळालेली अतिरिक्त शक्ती मुख्यतः अधिक ओझे वाहण्यात खर्ची पडली. दर टनामागील अश्वशक्तीत दीर्घकाळ सुधारणा झाली नाही.

यापुढे वायुइंधनाचे व विजेवर चालणारे ट्रक ऊसपट्ट्यात येतील तेव्हा मोठे इंजिन की टर्बो, हा प्रश्नच कदाचित कालबाह्य ठरेल. विजेच्या मोटारीला ना छाती असते, ना श्वास. परंतु त्या वाहनाची वाढीव ताकद ओझ्याला द्यायची, की घाट चढणाऱ्या माणसाला थोडीशी उसंत द्यायची, हा प्रश्न मात्र शिल्लक राहील. पाणी वाढले तेव्हा निचरा मागाहून आठवला. शक्तीच्या बाबतीत तो आधी आठवावा, एवढाच या इतिहासाचा बोध आहे.